आजाऱ्याचे अन्न

वसंतातील या व्याख्यानांत देशाच्या आणि जगाच्या मोठमोठ्या प्रश्नांचा ऊहापोह होत असतो. त्या पंक्तीत पेज, मऊ भात आणि मुगाचे कढण हा विषय घेऊन आम्ही उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आपण मंडळी घरी जाल, आणि उद्या घरात कोणी तापाने किंवा जुलाबाने अंथरूण धरले, तर पहिला प्रश्न हाच निघेल की, ‘याला खायला काय द्यायचे?’ उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा हे तर पोटाच्या विकारांचेच दिवस. या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरांनी फार चांगले देऊन ठेवले आहे. मात्र त्याच घरांत, काय द्यावयाचे नाही याविषयी एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिच्यापायी पुष्कळ मुले दगावली. या दोन्ही गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम आजाऱ्याची अडचण काय असते ते पाहू. ताप म्हणजे शरीराच्या भट्टीत जास्त सरपण जळणे होय. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की शक्तीचा खर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. घामाने आणि श्वासावाटे पाणीही अधिक जाते. म्हणजे गरज वाढते. पण नेमक्या त्याच वेळी भूक मरते, तोंड कडू होते, आणि जठर आपले काम संथपणे करू लागते. नाक चोंदलेले असेल तर वासच येत नाही, आणि वासावाचून चव ती किती राहणार! तेव्हा आजाऱ्याचे अन्न असे हवे की ज्यात पाणी भरपूर आहे, जे चावावे लागत नाही, जे पोटात सहज विरघळते, आणि मेलेल्या जिभेलाही ज्याची थोडी ओळख पटते.

आता आपल्या घरांतील पदार्थ या कसोटीवर लावून पाहा. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज. त्याच बाजूला काही घरांतून मूग-तांदळाची आले घातलेली आटवल. पुण्या-साताऱ्याकडे गुरगुट्या भात, त्यावर तूप आणि मेतकूट. देशावर ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या किंवा नाचणीची आंबील. शिवाय साळीच्या लाह्यांचे पाणी, मुगाचे कढण, आमसुलाचे सार. सामिष खाणाऱ्या घरांत कोंबडीचा पातळ रस्सा, तोही तिखट न घालता. प्रांत बदलतो, धान्य बदलते, पण रीत एकच : धान्य थोडे, पाणी पुष्कळ, आच मंद, आणि मीठ बेताचे.

या रीतीला मोठा जुना आधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्याच अध्यायात, निरनिराळ्या विकारांसाठी २८ प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितलेल्या आहेत. शोधनानंतर रोग्याला पुन्हा अन्नावर कसे आणावे याचा क्रमही आयुर्वेदाने घालून दिला आहे. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग कडधान्याचे साधे यूष, मग फोडणी-मसाल्याचे यूष, आणि शेवटी नेहमीचे जेवण. आजी ‘आज नुसती निवळ, उद्या पेज, परवा मऊ भात’ असे म्हणत असे. तिने ग्रंथ वाचलेला नसेल. परंतु ग्रंथातील पायऱ्या तिला ठाऊक होत्या.

मेतकुटाचेच पाहा. हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, थोडे तांदूळ, गहू, वर धणे, जिरे, मेथी, मोहरी, सुंठ, हळद, हिंग. सारे कोरडे भाजून दळलेले. तांदळात लायसीन नावाचे एक प्रथिनद्रव्य कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनीन कमी, ते तांदळात असते. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. भाजल्याने पिष्टाचे काही तुकडे आधीच पडलेले असतात, म्हणून जठराचे काम हलके होते. लाह्यांचेही तसेच. मूग हे कडधान्यांत पचावयास हलके मानले जाते, आणि त्यात सुमारे २४ टक्के प्रथिने असतात. ताटाच्या कडेला लिंबाच्या मुरलेल्या लोणच्याची फोड ठेवतात, तीही लाडाची गोष्ट नव्हे. आंबट आणि खारट या चवी जिभेला वासाच्या मदतीशिवाय कळतात, म्हणून सर्दीतही तेवढी एक गोष्ट रुचते, आणि तिच्या आधाराने चार घास पोटात जातात.

येथपर्यंत आपल्या घरांचे कौतुक झाले. आता चुकीकडे वळू.

आमच्या लहानपणी आमच्या धाकट्या बहिणीला जुलाब आणि वांत्या सुरू झाल्या. ती दोन वर्षांची होती. घरात वडीलधारी मंडळी पुष्कळ होती, आणि सर्वांचे एकमत होते की, पोटाला विश्रांती द्यावी. पाणी दिले की जुलाब वाढतात. पाण्याचा तांब्या उंच फळीवर ठेवला गेला. ती त्याच्याकडे बोट दाखवून रडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रडणे थांबले, तेव्हा आता तिला बरे वाटते आहे असे आम्हांला वाटले. संध्याकाळी ती गेली. त्या घरात मायेची उणीव नव्हती. आमची आई दोन्ही रात्री तिला मांडीवर घेऊन बसली होती. उणीव होती ती एका माहितीची. आणि ती माहिती त्या काळी पुष्कळ डॉक्टरांपाशीही नव्हती.

ही समजूत केवळ आपल्याकडेच होती असेही नाही. युरोपातही तापाच्या रोग्याला उपाशी ठेवण्याचा परिपाठ होता. डब्लिनचे प्रसिद्ध वैद्य रॉबर्ट ग्रेव्हज (१७९६–१८५३) यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. आपण तापाच्या रोग्यांना खाऊ घातले, एवढेच आपल्या थडग्यावर लिहावे, असे ते म्हणत. आपल्या आयुर्वेदानेही लंघन सांगितले आहे, पण ते रोग्याचे बळ पाहून. बळ पाहण्याचे आपण विसरलो आणि लंघन तेवढे लक्षात ठेवले.

ती माहिती कोणती, ते आता सांगतो. जुलाबात आतड्यातून पाणी आणि मीठ वाहून जाते. नुसते पाणी पाजले तर गेलेले मीठ भरून येत नाही. आणि नुसते मीठ घातले तरी ते नीट शोषले जात नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत असे मांडले की, आतड्याच्या भिंतीतून साखर आणि मिठातील सोडियम ही जोडीने आत जातात. त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. पटकीसारख्या भयंकर रोगातही हा दरवाजा उघडा राहतो. म्हणजे साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यात घालून पाजले, तर जुलाब चालू असतानाच शरीरातील पाणी भरून काढता येते.

याची मोठी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची मिश्रणे करून पिंपांतून पाणी वाटले, आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील अत्यंत महत्त्वाच्या शोधांत होऊ शकेल असे म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आणि गंमत अशी की, साखरेऐवजी तांदळाचे पिष्ट वापरले तरी हे काम होते. पिष्टाची आतड्यात हळूहळू साखरच होते. पटकीच्या रोग्यांत तर तांदळाच्या अशा पेयाने जुलाबाचे प्रमाण कमी होते असे चाचण्यांत दिसून आले. मीठ घातलेली पातळ पेज म्हणजे दुसरे काय? आमच्या घरात तांदूळ होते, मीठ होते, चूल पेटलेली होती.

म्हणून घरात जुलाब-वांत्या सुरू झाल्या तर काय करावे, ते लक्षात ठेवावे. प्राथमिक आरोग्यकेंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे ओआरएसची पुडी मिळते. ती सांगितलेल्या पाण्यात विरघळवून द्यावी. दुकानातील गोड पेये हा तिला पर्याय नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. आधी चव पाहावी. आपल्या अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते टाकून नवे करावे. पातळ पेजेतही लिटरला मीठ तेवढेच. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश, सुरू करावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. खाणारे मूल असेल तर मऊ भात, खिचडी, केळे चालू ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले, शौचात रक्त दिसले, किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. रडणे थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नये.

आणखी दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. साबुदाण्याची खीर आजाऱ्याला गोड लागते, परंतु साबुदाणा हे जवळजवळ नुसते पिष्ट आहे. त्यावर दिवसचे दिवस काढू नयेत. मधुमेही माणसाची साखर पातळ पेजेने भरभर वाढते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारूनच द्यावे. एक वर्षाखालील मुलाला मध चाटवू नये. आणि पेज ही आधार आहे, औषध नव्हे. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

शेवटी एक गोष्ट उरते. पेजेने बरे वाटते, ते सगळेच काही पिष्टामुळे नव्हे. कोणी तरी आपल्यासाठी चुलीपाशी उभे राहिले, वाटी निववून आणली, आणि ‘दोनच घास घे’ म्हणत उशाशी बसले, याचाही त्यात वाटा असतो. पूर्वी हे काम घरच्या बायकांवर सोपवून पुरुष मोकळे होत. आज घरे लहान झाली आहेत. मुले नोकरीसाठी परगावी खोल्यांतून एकटी राहतात, आणि त्यांचे आईवडीलही येथे पुष्कळदा एकटेच असतात. तेव्हा या सभेतील प्रत्येकाने, स्त्री असो वा पुरुष, मूठभर तांदळाची पेज करावयास शिकून घ्यावी, आणि शेजारच्या दारी ती पोचविण्याची सवय ठेवावी. काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे : तांदूळ धुवावे, आठ-दहा पट पाणी घालावे, मंद आचेवर दाणा विरेपर्यंत शिजवावे, मीठ घालावे. आणि पाण्याचा तांब्या आजाऱ्याच्या हाताशी ठेवावा.