संशय वाढला म्हणजे पारख वाढली का?

"एआयच्या काळात लोकांची डिजिटल कौशल्यं वाढवायला हवीत" हे वाक्य हल्ली प्रत्येक परिषदेत ऐकू येतं. या विषयावर संशोधन करायचं मनात असेल, तर आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. कौशल्य वाढलं, हे मोजणार कसं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एआयने लिहिलेले खोटे मेसेज ओळखायचं प्रशिक्षण तुम्ही एका गावात दिलंत. प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर प्रत्येकाला २० मेसेज दाखवले, १० खरे आणि १० खोटे. आधी लोक सरासरी ६ खोटे मेसेज पकडत होते, नंतर ८ पकडायला लागले. अहवालात लिहायला छान! पण खऱ्या मेसेजचं काय झालं? आधी १० पैकी ८ खरे मेसेज लोक खरे मानत होते, नंतर फक्त ६. म्हणजे बरोबर उत्तरं आधीही १४ आणि नंतरही १४. पारख होती तिथेच राहिली, वाढला तो संशय.

या दोन गोष्टी वेगळ्या करायला 'सिग्नल डिटेक्शन थिअरी' उपयोगी पडते. रडारच्या पडद्यावरचा ठिपका खरंच विमान आहे की नुसता गोंधळ, अशा प्रश्नांतून ती पुढे आली. खरं-खोटं वेगळं करण्याची क्षमता एका बाजूला आणि सरसकट "खोटं" म्हणण्याचा कल दुसऱ्या बाजूला, असं ती मोजते. २०२३ मध्ये मोदिरौस्ता-गॅलियन आणि हायम या संशोधकांनी 'बॅड न्यूज'सारख्या, खोट्या बातम्या ओळखायला शिकवणाऱ्या खेळांवरच्या जुन्या अभ्यासांची माहिती याच पद्धतीने पुन्हा तपासली. त्यांना दिसलं, की खेळणाऱ्यांची पारख फारशी सुधारली नव्हती, ते सगळ्याच बातम्यांना जास्त वेळा खोटं म्हणू लागले होते. या निष्कर्षावर अजून वाद आहे, पण मुद्दा महत्त्वाचा आहे.

का महत्त्वाचा? धरणातून पाणी सोडल्याची खरी सूचना मोबाइलवर आली आणि नदीकाठच्या माणसाने "हल्ली सगळं एआयचंच असतं" म्हणून ती पुसून टाकली, तर आपल्या प्रशिक्षणाने त्याचं नुकसानच केलं. दुसरा धोका चेस्नी आणि सिट्रन या कायद्याच्या अभ्यासकांनी २०१९ मध्येच मांडला. डीपफेक असतात हे लोकांना कळलं, की खरा व्हिडिओसुद्धा "बनावट आहे" म्हणून झटकणं सोपं जातं. याचा फायदा खोटं बोलणाऱ्यालाच होतो.

मग शिकवायचं काय? वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी ४५ जणांना वेबसाइट तपासायला दिल्या. त्यात १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी होते. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर अडकले, छान लोगो आणि व्यावसायिक मांडणी पाहून फसले. फॅक्ट-चेकर मात्र लगेच नवीन टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघत होते. याला 'लॅटरल रीडिंग' म्हणतात. आपण आडवं वाचन म्हणू. एआयमुळे सफाईदार भाषा आणि सुबक मांडणी आता कुणालाही मिळते, म्हणून मजकुराच्या आत खुणा शोधण्यापेक्षा बाहेर जाऊन स्रोत तपासणं जास्त भरवशाचं वाटतं. फक्त लक्षात ठेवा, हा अभ्यास चॅटजीपीटी येण्याआधीचा आहे. आज टॅब उघडल्यावर समोर येणारं उत्तरही एआयनेच लिहिलेलं असू शकतं. अशा वेळी आडवं वाचन किती टिकतं? हा तुमच्यासाठी चांगला संशोधनप्रश्न आहे.

तो हातात घेतलात, तर आराखड्यात तीन गोष्टी पक्क्या करा. चाचणीत खरे नमुनेही ठेवा. क्षमता आणि कल वेगवेगळे मोजा. आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या, कारण प्रशिक्षणाच्या दिवशी सगळ्यांनाच सगळं आठवत असतं.