जमेच्या बाजूला जंगल

कॉलेजच्या धुराचाही जमाखर्च मांडता येतो, वाचकहो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील मिडलबरी कॉलेजने तो मांडला. विद्यार्थ्यांनी लावून धरल्यामुळे विश्वस्तांनी २००७ साली ठराव केला की, २०१६ पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणायचा. तिथली थंडी कडाक्याची. इमारती ऊबदार ठेवायला दरसाल लाखो गॅलन तेल जळे. २००९ साली लाकडाच्या ढलप्यांवर चालणारी भट्टी बसवली आणि तेलाचा खप पुष्कळ उतरला. डिसेंबर २०१६ मध्ये शून्य गाठल्याचे जाहीर झाले.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. खतावणी उघडल्याशिवाय चैन पडत नाही. उरलेल्या धुरासमोर कॉलेजने ब्रेड लोफ येथील आपले कायम राखलेले जंगल जमेला धरले होते, सुमारे २१०० एकर. झाडे कार्बन शोषतात, हे खरेच. पण हे जंगल तर आधीपासून उभे होते! जुनी ठेव नवी कमाई म्हणून दाखवली, तर कोणता हिशेबतपासनीस सही करील?

जानेवारी २०१९ चा ठराव आम्हाला जास्त पटतो. २०२८ पर्यंत सारी ऊर्जा पुनर्निर्मितीक्षम स्रोतांतून घ्यायची, शिवाय वापर पाव हिश्शाने घटवायचा. कोळसा-तेल कंपन्यांत गुंतवलेला कॉलेजचा पैसाही पंधरा वर्षांत काढायचा. वापराची कपात जंगलाआड लपत नाही, ती मीटरवर दिसते.

आपल्याकडे ५ जूनला रोपे लागतात, फोटो निघतात. आपल्या मुलामुलींनी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन गेल्या तीन वर्षांची वीजबिले मागून पाहावीत. ती फाईल कोणत्या कपाटात असते, हे कारकुनाला बरोबर ठाऊक असते.