कयाकसाठी आधी जागा, मग यंत्रे

लाकडी कयाक घरी बांधायची ठरली की हौशी माणूस आधी यंत्रांच्या किमती काढतो. माझ्या मते पैसा आणि वेळ आधी जागेवर खर्च करावा. अमेरिका-कॅनडात गॅरेजांमध्ये बांधल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या कयाकचेच पाहा. सीडारच्या 6 मिलिमीटर जाड, पाऊण इंच रुंद पट्ट्या कडेला कड चिकटवत तिचे अंग घडते. घरी टेबल सॉ असेल तर पट्ट्या घरीच निघतील, हे खरे. पण 17 फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे 17 आणि पलीकडे 17 फूट मोकळी जागा हवी. 20-22 फुटी गॅरेजात ती कुठून येणार? पट्ट्या चिरूनच आणाव्यात. पुढचे बहुतेक काम हातरंधा, क्लॅम्प आणि पॉलिश पेपरवर निभते.

खरी मेहनत घ्यावी ती तुळईवर. दोन घोड्यांवर ठेवलेल्या या लांब तुळईवर साधारण फूटभर अंतराने प्लायवूडचे साचे उभे राहतात आणि पट्ट्या त्यांच्यावरून वाकतात. तुळईतला पीळ थेट होडीत उतरतो. मग ती पाण्यात एका बाजूला ओढते आणि वल्हवणारा तिला कायम सरळ करत बसतो. म्हणून टोकापासून टोकापर्यंत सूत ताणावे, प्रत्येक साच्याची मध्यरेषा सुताखाली येते का पाहावे, पाणसळ आडवी धरावी. यात अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्यावा. दोन्ही बाजूंनी रंधा मारत चालता येईल एवढी वाट ठेवावी आणि एक दिवा मुद्दाम खाली, तिरपा लावावा. छताच्या उजेडात गुळगुळीत भासणाऱ्या अंगावरचे उंचवटे त्या तिरप्या उजेडात सावली टाकतात.

कोणी म्हणेल, शिवून चिकटवायची कयाक घ्या, तुळईची कटकटच नको. मुद्दा रास्त आहे. ब्रिटनमध्ये 1963 च्या मिरर डिंगी या शिडाच्या छोट्या होडीने घरोघर पोचवलेल्या या पद्धतीत प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाचले की आकार उभा राहतो. तरी पीळ तपासावा लागतोच, आणि दोन्ही वाटा शेवटी अंगावर काचकापड बसवणाऱ्या इपॉक्सी राळेपाशी येतात. इपॉक्सीला साधारण 18 ते 25 अंश तापमान मानवते. थंडीत ते दाट होऊन काचकापडात मुरत नाही, उकाड्यात भांड्यातच तापून आळते. खोली तापत असताना लावले तर लाकडातली हवा फुगून कापडाखाली बुडबुडे धरतात, म्हणून लाकूड निवू लागल्यावर, संध्याकाळी हात घालावा. उघड्या मांडवात हे सांभाळणे कठीण, आणि कोकणातल्यासारख्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थरही येतो.

हवेच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको. वेस्टर्न रेड सीडारच्या धुळीने दमा जडू शकतो. इपॉक्सी वारंवार अंगाला लागले तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती सहसा जात नाही. वायुवीजन, योग्य मास्क आणि हातमोजे यांची सोय पहिल्याच दिवशी करा. यंत्रे लागलीच तर उसनी मिळतात.