तीन गदांचा मानकरी: विजय चौधरी यांच्या कारकिर्दीचा मागोवा

खानदेशाच्या कुस्तीविषयी लिहू लागले म्हणजे प्रथम नजरेत भरते ते त्याचे यजमानपण. १९६१ साली औरंगाबादेस 'महाराष्ट्र केसरी' या किताबाचा आरंभ झाला व दिनकर दह्यारी त्याचे पहिले मानकरी ठरले. पुढच्याच वर्षी अधिवेशन धुळ्यास भरले आणि भगवान मोरे विजयी झाले. १९६६ साली जळगावने मल्लांचे आदरातिथ्य केले आणि दीनानाथ सिंह यांनी तो सन्मान मिळविला. १९७७ साली चाळीसगावात राज्यभरचे पैलवान जमले, परंतु त्या वर्षी किताबाचा निकाल लागला नाही. मांडव घालणारे, मल्लांना घरी उतरवून घेणारे आणि रात्र होईतो फडाभोवती उभे राहून दाद देणारे आम्ही होतो; पण विजेत्यांची यादी वाचू जावे, तर तिच्यात कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पुणे या नावांचीच दाटी आढळे. ज्या चाळीसगावाने तो अनिर्णित किताब पाहिला, त्याच तालुक्यातील सायगाव बगळी या गावचा एक मुलगा पुढे तीन वर्षे ओळीने या किताबाची गदा खांद्यावर घेऊन उभा राहील, अशी कल्पना त्या वेळी कोणी केली असण्याचा संभव नाही.

विजय चौधरी यांना कुस्तीचा वारसा घरातूनच मिळाला. गिरणेच्या खोऱ्यातील ह्या मुलखात कापूस, बाजरी आणि ऊस यांच्या हिशेबात वर्ष जाते. पैलवानाचा खुराक त्या हिशेबात बसविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खर्च रोजचा असतो, आणि त्याचे उत्पन्न मात्र यात्रेतल्या एखाद्या इनामापुरते, तेही वस्तादाने जोड लावून दिली आणि कुस्ती निकाली झाली तर. गावच्या यात्रेत सकाळी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी फडाला आरंभ व्हावा, दुपारी शेकड्यांच्या इनामांवर तरण्या मल्लांच्या जोडी सुटाव्यात आणि दिवस कलता कलता हलगीच्या कडकडाटात मानाची शेवटची कुस्ती लागावी, हा क्रम आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मल्ल घडविण्याचे हे प्रथम विद्यालय होय, यात शंका नाही. परंतु ते केवळ प्रथम विद्यालय होय, आणि त्याच्यापुढचे शिक्षण धुळे-जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळत नसे, ही आमची मोठीच उणीव होती.

ती उणीव कोणती, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळतात. त्या मातीत पाय रुततो, पकड बसायला वेळ मिळतो, आणि प्रतिस्पर्ध्याला चीतपट करीपर्यंत कुस्ती लांबली तरी प्रेक्षक कंटाळत नाहीत. गादीवर हा सारा न्याय पालटतो. तेथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, पट काढून मागे गेल्यास दोन गुण, वर्तुळाबाहेर पाय पडल्यास प्रतिपक्षास एक गुण, आणि दहा गुणांचे अंतर पडताच कुस्ती समाप्त! मातीवर ज्याने दहा वर्षे घालविली त्याला आपल्या संयमाचाच येथे अडसर होतो, कारण थांबून संधीची वाट पाहणे हा मातीतला सद्‌गुण गादीवर दोष ठरतो. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असून दोहोंचे विजेते अखेरच्या लढतीस गादीवर उभे राहतात. म्हणजे खेड्यातल्या मल्लाने कितीही नाव कमावले तरी निर्णायक परीक्षा त्याला परक्या भूमीवर द्यावी लागते. त्यासाठीच चाळीसगाव तालुक्यातला हा तरुण पुण्यास गेला आणि हिंदकेसरी रोहित पटेल यांच्यासारख्या जाणत्या मल्लाचे मार्गदर्शन त्याला लाभले.

२०१४ साली अहमदनगर येथील अधिवेशनात सचिन येलभर यांना पराभूत करून त्यांनी पहिली गदा मिळविली. २०१५ चा किताब नागपुरात ठरला. तेथे विक्रांत जाधव त्यांच्यासमोर होते. २०१६ च्या डिसेंबरात पुण्याच्या वारजे भागात अभिजित कटके यांच्याशी अंतिम लढत झाली, आणि तीही त्यांनी जिंकली. हे तीन विजय एका वाक्यात सांगता आले, तरी ते एका मापाचे नव्हते. पहिल्या वेळी मल्ल अज्ञात असतो. त्याचे डाव, त्याची ढाक, त्याचा पट कोणत्या क्षणी येतो हे प्रतिपक्षाला ठाऊक नसते. दुसऱ्या वर्षी मात्र प्रत्येक तालमीत त्याच्याच कुस्तीचा अभ्यास चाललेला असतो, आणि तिसऱ्या वर्षी तर तो साऱ्या राज्याचे लक्ष्य बनतो. वारजे येथे समोर आलेले कटके पुण्याचेच असून त्यांची ताकद इतकी निःसंशय होती की पुढल्याच वर्षी भूगावच्या मैदानात ते स्वतः महाराष्ट्र केसरी झाले. अशा उगवत्या मल्लाला त्याच्याच नगरात थोपवून धरणे, ही माझ्या मते विजय चौधरींच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वश्रेष्ठ कुस्ती होय. गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, चंद्रहार पाटील अशा थोर मल्लांना जो किताब दोनदा मिळाला, तो तीन वेळा मिळविणारे त्यांच्यापूर्वी एकटे नरसिंग यादव होते.

तिसऱ्या गदेनंतर राज्य शासनाने त्यांना थेट पोलीस उपअधीक्षकाच्या हुद्द्यावर नेमले. पैलवानाच्या बाबतीत सरकारी नोकरी हा कारकिर्दीचा समारोप मानण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि तिला कारणही आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, आणि उरलेले आयुष्य खात्याच्या दप्तरातच गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला तो मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. खाशाबांच्या काळी पदकाचे मोल शासनदरबारी इतके अल्प होते, हे आठवले म्हणजे आजच्या थेट नेमणुकीच्या धोरणाचे महत्त्व ध्यानी येते. त्या धोरणावर टीका करणारे आहेत. स्पर्धापरीक्षेची वर्षानुवर्षे तयारी करणाऱ्या मुलांना ते अन्यायाचे वाटते, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी दुर्लक्षिण्याजोगे नाही. तथापि ज्या मुलाने वयाची पंधरा-वीस वर्षे जोर-बैठकांत आणि दुखापतींत घालविली, त्याच्याकडे पुस्तकी अभ्यासास उरलेला वेळ किती, याचाही हिशेब व्हावयास हवा. आणि त्या नेमणुकीचे सार्थक झाले की नाही, हे पुढील वर्तनावरून ठरवावे.

विजय चौधरींचे पुढील वर्तन सांगण्यासारखे आहे. वर्दी अंगावर चढल्यावरही त्यांनी लंगोट सोडला नाही. जगभरचे पोलीस व अग्निशमन दलांचे कर्मचारी १९८५ पासून दर दोन वर्षांनी ज्या क्रीडास्पर्धेसाठी एकत्र येतात, ती २०२३ साली कॅनडातील विनिपेग येथे झाली. पुण्यात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे काम पाहत असताना त्यांनी तेथे १२५ किलो वजनगटात सुवर्णपदक मिळविले. २०२५ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे त्यांनी त्याच वजनगटात पुन्हा सुवर्ण जिंकले. तक्रारदारांचे जबाब, सापळ्यांची तयारी आणि फायलींचा निपटारा हा दिवसभराचा व्याप सांभाळून सव्वाशे किलोच्या मल्लांशी झुंजण्याइतके शरीर राखणे, हे वीस वर्षांच्या मुलाने आखाड्यात राबण्यापेक्षा कठीण व्रत आहे, असे मला वाटते.

ते बर्मिंगहॅम अलाबामा राज्यातले, आणि अलाबामा हा अमेरिकी फुटबॉलचा अभिमानी मुलूख. हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. देहाला देह भिडवून प्रतिपक्षाला जमिनीवर आणण्याचा तो खेळ असून, त्यात आपल्या पुढच्या फळीमागे उभे राहून चेंडूवाल्याला हेरणारा व आडवा करणारा जो गडी, त्यास लाइनबॅकर म्हणतात. त्याच नगरात जन्मलेला कॉर्नेलियस बेनेट हा या जागेवरचा नामांकित खेळाडू १९८७ ते २००० अशी चौदा वर्षे व्यावसायिक मैदानावर टिकला. बफेलोच्या संघातून सलग चार हंगाम आणि पुढे अटलांटाच्या संघातून एकदा, असा पाच वेळा तो त्या खेळाच्या सर्वोच्च अंतिम सामन्यास उतरला, आणि पाचही वेळा त्याच्या संघाला हार पत्करावी लागली. खेळाडूची योग्यता केवळ विजयचिन्हांवरून मोजू नये, हे बेनेटचे चरित्र शिकविते. परंतु संघाच्या खेळात अपयश अकरा जणांत वाटले जाते; मल्लाचा पराभव मात्र त्याच्या एकट्याच्या पाठीला लागलेली माती असते, आणि ओळीने तीन वर्षे ती पाठ निष्कलंक ठेवण्याचे अवघडपण म्हणूनच निराळे आहे.

या तीन गदांकडे आज पाहताना आणखी एका गोष्टीची नोंद करावीशी वाटते. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली, तेव्हापासून महाराष्ट्रातील मल्ल एकाच मांडवाखाली येत होते. अलीकडे संघटनांत तंटे माजले, आणि २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात तर फुलगाव व धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन स्पर्धा होऊन सिकंदर शेख आणि शिवराज राक्षे असे दोन महाराष्ट्र केसरी झाले. दोघेही समर्थ मल्ल आहेत. दोष त्यांचा नाही. परंतु एकाच वर्षी किताबाच्या दोन गाद्या निर्माण झाल्या म्हणजे कोण कोणाहून सरस, या प्रश्नाला फडात उत्तर उरत नाही, आणि मल्लांच्या मेहनतीचे मोल पदाधिकाऱ्यांच्या भांडणात बुडते. सायगाव बगळीच्या मल्लाने जिंकलेल्या तिन्ही गदा अविभक्त स्पर्धेतल्या होत्या. राज्यातला जो कोणी आव्हान देऊ शकत होता, त्याला त्याच मांडवात येऊन ते द्यावे लागे.