मोपेड वाटेत का बंद पडते?

सायकलीला इंजिन बसवले की मोपेड झाली. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लुना बाजारात आणली. तिचे इंजिन ५० सी.सी.चे, म्हणजे अर्धा कप चहा मावेल एवढीच त्याच्या पोटात जागा. पुढे टीव्हीएसच्या गाड्या आल्या. आमच्या मसुऱ्यात मासे, नारळ, भाताचे पोते, सगळे मोपेडवरून जाते. आम्हीही पुष्कळ वर्षे शाळेला लुनावरूनच जात होतो. चढावर पेडल मारावे लागे आणि मागून मुले हसत. असो.

आज सांगायची आहे ती मासे विकणाऱ्या एका गृहस्थांच्या गाडीची गोष्ट.

नारळी पौर्णिमा झाली होती. होड्या दर्यात गेल्या होत्या, पण पाऊस काही सरला नव्हता. हे गृहस्थ पहाटे मालवणला बांगडे घेत, वर बर्फ घालत आणि वाडीवाडीत विकत इकडे येत. त्यांची गाडी वाटेत बंद पडू लागली. निघताना उत्तम चाले. थोडी वाट गेली की तिला धाप लागल्यासारखे होई, आणि मग थांबे. पाच-दहा मिनिटे कडेला उभे राहिले की पुन्हा सुरू! तोवर बर्फ वितळायचा, मासे मऊ पडायचे आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडून घेऊन मोकळे व्हायचे. त्यांनी नवा प्लग घातला. कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. मग कोणी तरी सांगितले, इंजिनच खोलावे लागेल. खर्च ऐकून त्यांचे तोंड उतरले. ते आमच्या पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजीनू, गाडी मधीच बंद पडता, मगे आपणच चालू होता. ह्येका काय म्हणूचा?"

आम्ही काही मेकॅनिक नव्हे. पण इंजिन म्हणजे चूलच, हे आम्ही मुलांना शिकवत आलो. चुलीला लाकूड लागते, वारा लागतो, काडी लागते आणि धूर जायला वाट लागते. इंजिनालाही तसेच. पेट्रोल हे लाकूड, प्लगची ठिणगी ही काडी, एअर फिल्टरमधून येतो तो वारा आणि सायलेन्सर हे धुराडे. चारांपैकी एक अडले की चूल विझते. मग कोणते अडले ते कसे ओळखावे?

आधी विचारावे, गाडी केव्हा बंद पडते? सकाळी सुरूच होत नाही की चालता चालता थांबते? चढावर दमते की सपाटीवरही? पाना हातात घेण्याआधी हे प्रश्न विचारावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

आम्ही त्यांना म्हटले, उद्या गाडी थांबली की लगेच प्लग काढून पाहा. थांबू नका, लगेच. मात्र प्लग तापलेला असतो, तेव्हा फडक्याने धरा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी पडत नाही. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही.

दुसऱ्या दिवशी ते सांगत आले, प्लग कोरडा!

म्हणजे नवा प्लग घातला तो खर्च फुकट गेला होता. आता टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची वाट पाहायची. आम्ही अंगणात गेलो. पाहतो तर टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी, आणि ती दोऱ्याने गच्च आवळलेली. "ही कशाला?" तर म्हणाले, "पावसाचा पाणी आत जाता म्हणान बांधलंय."

तीच तर खोड होती. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असते. पुष्कळांना ते ठाऊकच नसते. नारळाचा एकच डोळा फोडून नारळ उपडा करा. पाणी थेंब थेंब पडते, मग थांबते. दुसरे भोक पाडले की धार लागते, कारण वरून हवा आत जाते. टाकीचेही तसेच. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत गेली पाहिजे. ती न गेली तर काही वेळाने पेट्रोल उतरायचे थांबते. गाडी उभी राहिली की हवा कुठून तरी हळूहळू शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. पारख सोपी आहे. गाडी थांबली की टाकीचे झाकण उघडा. फुस्‌ असा आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणात आहे. माती, मेण किंवा रंग बसूनही हे भोक बुजते.

प्लग ओला निघाला असता तर? मग ठिणगी पाहायची. प्लग काढून टोपीत बसवा आणि त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवा. प्लग जिथून काढला त्या भोकापासून तो दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेट घेते. टोपी रबराला धरा, नाही तर झटका बसेल. आता पेडल किंवा किक मारा. निळी, कडक ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरतुकडी असेल किंवा दिसलीच नाही, तर प्लग साफ करा किंवा बदला. तरीही ठिणगी नसेल तर वायर आणि कॉईल पाहायला जाणत्या माणसाकडे जा. कॉईल खराब असली तरी गाडी तापल्यावर थांबते आणि निवल्यावर चालते. म्हणूनच ओला की कोरडा हे पाहायचे.

प्लगचा रंगही बोलतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन सुखी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. बहुधा एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो. आपली तांबडी धूळ किती बारीक ते सांगायला नको. टोक पांढरे पडले असेल तर उलट. पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन फार तापते आहे. अशी गाडी तशीच दामटली तर पिस्टन जाम होतो, आणि मग खरोखरच इंजिन खोलावे लागते.

कार्बोरेटरच्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. ते फुंकून साफ करावे. तार घालू नये, भोक मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. स्क्रू फिरवायचाच असेल तर किती आटे फिरवला ते मोजून लिहून ठेवा. लिहायला आला आहात, त्याचा हा एक उपयोग.

आताच्या पेट्रोलविषयी एक सांगितले पाहिजे. त्यात उसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल मिसळतात. २०२५ साली हे प्रमाण देशात २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळाभर गाडी पडवीत उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी जमू शकते, आणि सुरू करताना तेच आधी कार्बोरेटरमध्ये उतरते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवा. हे काम उघड्यावर करावे. विडी, दिवा जवळ नको.

चढावर गाडी मरगळते, सपाटीवर ठीक चालते, तर सायलेन्सरकडे वळा. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते जळून धुराड्यात काजळी धरते. सायलेन्सर काढून ती खरवडावी. लाकडी काटकी वापरा, लोखंडाने पिस्टनला ओरखडे पडतात. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेवढेच घाला. जास्त घातले तर काजळी, कमी घातले तर पिस्टन जाम. काही मंडळी रॉकेल मिसळतात. पैसे वाचतात खरे, पण धूर होतो, इंजिन तापते आणि वाचलेले पैसे दुरुस्तीत जातात. २०१५ पासून टीव्हीएसची चार-स्ट्रोक मोपेडही आली आहे. तिच्या पेट्रोलमध्ये तेल घालू नये. तिचे तेल इंजिनात वेगळे भरतात. आपली गाडी कोणती, हे आधी विचारून घ्या.

त्या गृहस्थांनी पिशवी सोडली आणि गाडी न थांबता घरी गेली. पण पाऊस होताच. दोन दिवसांनी पाहतो तर झाकणावर नारळाची करवंटी उपडी घातलेली, आणि खाली वारा जाईल एवढी फट ठेवून सुंभाने सैल बांधलेली.