कोंबडीला दम लागतो तेव्हा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात ही कोंबडी कुठून आली, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पण आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर अशी दोन-चार मुलं निघतील, की ज्यांच्या घरी परसात पाच-दहा गावठी कोंबड्या आहेत. घरचा फोन येतो, "कोंबड्या घुरघुर करताहेत, दोन मेल्या, काय करू?" आणि आपण चार वर्षे फ्लुइड मेकॅनिक्स शिकूनही गप्प बसतो. म्हणून हा लेख.

फैजपूरचे नाव १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे देशभर गेले. २००६ साली मात्र आपला परिसर वेगळ्याच कारणाने बातम्यांत आला. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातली बर्ड फ्लूची पहिली नोंद जाहीर झाली, ती खानदेशातल्या नवापूरची. तिथे मोठमोठे पोल्ट्री फार्म होते. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या सावदा, मारूळ, साळवे आणि हातेड या गावांतले नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आले. सावदा तर आपल्या शेजारचेच, आणि मारूळ आपल्याच यावल तालुक्यातले. या गावांतल्या कोंबड्या फार्मच्या नव्हत्या, लोकांच्या परसातल्या होत्या. म्हणजे 'आमच्या चार कोंबड्यांना काय होतंय' ही समजूत त्याच वर्षी खोटी ठरली.

कोंबडी श्वास कसा घेते?

आपली फुफ्फुसे फुग्यासारखी फुगतात. कोंबडीची फुफ्फुसे छोटी, बरगड्यांना चिकटलेली असतात आणि जवळजवळ फुगतच नाहीत. त्यांच्या जोडीला शरीरभर पसरलेल्या साधारण नऊ हवेच्या पिशव्या असतात. त्या लोहाराच्या भात्यासारखे काम करतात. हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहते. यंत्र म्हणून बघितले तर ही रचना आपल्यापेक्षा सरस आहे! पण तिचा तोटा असा, की हवेतली धूळ, बुरशी, जंतू थेट पोटापर्यंतच्या पिशव्यांत जाऊन बसतात, आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने औषध नीट पोचत नाही.

दुसरी गोष्ट, कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड खाली-वर झाले तरच तिचा श्वास चालतो. म्हणून आजारी कोंबडीची छाती मुठीत आवळून धरू नका, ती हातातच गुदमरेल.

ऐका, बघा, मोजा

आराम करणारी कोंबडी मिनिटाला साधारण २० ते ४० वेळा श्वास घेते, तोही चोच मिटून. रात्री सगळ्या कोंबड्या खुराड्यात बसल्या, की शांतपणे कान देऊन ऐका. दिवसाच्या गलक्यात न कळणारी घरघर, शिंक, शिट्टीसारखा आवाज तेव्हा बरोबर कळतो. मग सकाळी बघा. नाकातून पाणी किंवा शेंबूड, डोळ्यांत फेस, सुजलेला चेहरा, निळसर तुरा, मान लांब करून 'आ' वासणे, दर श्वासाला हलणारी शेपटी ही सगळी धोक्याची चिन्हे.

एक अपवाद लक्षात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. नाक-डोळे कोरडे आणि सगळ्याच कोंबड्या भर दुपारी धापा टाकत असतील, तर तो बहुतेक उन्हाचा त्रास आहे. सावली, गार पाणी, खुराड्यावर ओले पोते एवढे लगेच करा.

नेमके काय झाले असेल?

१) अमोनिया : गादी ओली राहिली, की विष्ठेतून अमोनिया सुटतो. खुराड्यात वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचे काय होत असेल! हवेतले प्रमाण २५ पीपीएमच्या खाली असावे. उपाय औषधाचा नाही, सिव्हिलचा आहे : भिंतीत वर जाळी ठेवा, गादी बदला.

२) बुरशी : बुरशी लागलेला कडबा किंवा भुसा अंथरला, तर पिल्ले धापा टाकून मरतात. यावर खात्रीचे औषध नाही. अंथरूण कोरडे ठेवणे हाच इलाज.

३) सीआरडी आणि कोरायझा : हे जिवाणूंचे आजार. सीआरडीत घरघर आठवडे-आठवडे चालते, कोंबडी खंगते. कोरायझात चेहरा सुजतो आणि नाकाला घाण वास येतो. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकने फरक पडतो, पण सीआरडीतून बरी झालेली कोंबडीही रोग बाळगून राहते. नवी कोंबडी आणली, की तिला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

४) मानमोडी म्हणजेच राणीखेत : हा विषाणूचा रोग. धाप, हिरवट हगवण, मान वाकडी होणे, पाय लुळे पडणे आणि भराभर मरतुक. यावर औषध नाही, फक्त लस आहे.

५) बर्ड फ्लू : लक्षणे पुष्कळदा राणीखेतसारखीच. २००६ मध्ये नवापूरला सुरुवातीची मरतुक राणीखेतचीच समजली गेली होती. नुसत्या डोळ्यांनी या दोन्हींतला फरक कोणालाच सांगता येत नाही, तो प्रयोगशाळाच सांगते.

घरी काय करायचे?

आजारी कोंबडी लगेच वेगळी करा. उबदार, हवेशीर जागा आणि स्वच्छ पाणी द्या. मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसा. आधी निरोगी कोंबड्यांचे दाणा-पाणी, मग आजारी कोंबडीचे, नंतर साबणाने हात धुणे, हा क्रम मोडू नका.

हळद-तेल किंवा कसलाही काढा घशात ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, ओतलेले सरळ फुफ्फुसात जाते. मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणून अर्धी-पाव देणेही बंद करा. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. आणि औषध चालू असताना, नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, ती अंडी खायची किंवा विकायची नाहीत.

दहा घरांची एक बाटली

राणीखेतची लस महाग नाही, मग परसात ती पोचत का नाही? कारण बाटली बहुतेक शंभर डोसची येते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? तेव्हा हिशोब सोपा आहे : दहा घरांनी मिळून एक बाटली. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा थेंब, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. हे इंजेक्शन लहान पिल्लांना कधीही नाही. वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्के करून घ्या. थर्मास, बर्फ आणि गल्लीतल्या घरांची यादी, एवढे सुट्टीत आपण नक्कीच जमवू शकतो.

लपवू नका

दोन दिवसांत तीन-चार कोंबड्या अचानक मेल्या, तर मेलेली कोंबडी कापू नका, नाल्यात टाकू नका, उरलेल्या बाजारात विकू नका. ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारकच आहे.

लोक लपवतात, कारण सगळ्या कोंबड्या मारून टाकतील ही भीती असते. भीती खोटी नाही. पण आठवड्याच्या बाजारात गेलेली एक आजारी कोंबडी दहा गावांची खुराडी रिकामी करते. २००६ मध्ये भारतात माणसाला लागण झालेली आढळली नाही, मात्र २०२१ मध्ये हरियाणातल्या अकरा वर्षांच्या मुलाचा एच५एन१ ने दिल्लीत मृत्यू झाला. नीट शिजवलेल्या, ७० अंशांवर गेलेल्या मांसात विषाणू टिकत नाही. धोका असतो तो आजारी कोंबडी हाताळणाऱ्याला, आणि परसात ते काम आई करते किंवा घरातली लहान मुले.

तेव्हा पुढच्या वेळी घरून फोन आला, तर आधी एवढेच विचारा : किती मेल्या, किती दिवसांत, आणि हात धुतले का?