राहत्या घराचा पाया बदलताना

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रविवारची दुपार आहे. टेबलावर घरचा संगणक चालू आहे. पडद्यावर फक्त एक आकडा दिसतो आहे : ६३ टक्के. त्याखाली सूचना आहे की काम पूर्ण होईपर्यंत संगणक बंद करू नका. आणि नेमक्या त्याच वेळी डोक्यावरचा पंखा मंदावतो, स्वयंपाकघरातील फ्रिजची घरघर थांबते आणि पडदा काळा होतो. वीज गेली!

हा प्रसंग २०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात माझ्याच घरी घडला. संगणकावरील विंडोज १० ही प्रणाली बदलून तेथे विंडोज ११ बसवण्याचे काम मी आणि सातवीत शिकणारी माझी भाची यांनी हौसेने हाती घेतले होते. बॅटरीवर चालणारा यूपीएस वर्षभर बिघडलेलाच होता. संगणकात माझ्या दिवंगत आत्याच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे दोन तासांचे ध्वनिमुद्रण होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. अंधारलेल्या पडद्याकडे पाहत भाचीने विचारले, "मामा, आत्याआजीच्या ओव्या गेल्या का?"

मी "नाही ग" म्हणालो खरा, पण माझ्या पोटात गोळा आला होता. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर संगणकाच्या आत काय चाललेले असते ते आधी पाहावे लागेल.

लग्नघरातील स्वयंपाकाची धावपळ तुम्ही पाहिली असेलच. आचारी एक-दोनच, पण मागण्या शंभर. कोठीघरात पोत्यांनी सामान भरलेले असते. ओट्यावर मात्र लागेल तेवढेच आणून ठेवतात. संगणकातही असेच असते. प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, हा आचारी. रॅम ही स्मृती म्हणजे ओटा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे कोठीघर. आणि "आता भात उतरव, मग कढईकडे बघ, ती परात बाजूला कर" असे सांगत सगळ्यांवर देखरेख करणारा जो कारभारी असतो, तीच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मराठीत संचालन प्रणाली. तुम्ही गाणे ऐकत चित्र काढत असता, तेव्हा ही प्रणाली प्रक्रियकाचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या हिशेबात वाटत असते. तो थोडा वेळ गाण्याला, थोडा चित्राला, पुन्हा गाण्याला मिळतो. ही अदलाबदल इतकी झटपट होते की आपल्याला दोन्ही कामे एकदमच चालली आहेत असे वाटते.

ओटा आणि कोठीघर यांत एक मोठा फरक आहे, तो नीट लक्षात ठेवा. वीज गेली की ओटा क्षणात रिकामा होतो, पण कोठीघरातील सामान जागच्या जागी राहते. आमच्या ओव्या कोठीघरात होत्या.

आता तुम्ही म्हणाल, कारभारी चांगला चालला असताना तो बदलायचाच कशाला? नव्या प्रणालीत नवी चित्रे आणि नवे रंग असतात, पण ते काही खरे कारण नव्हे. खरे कारण १२ मे २०१७ च्या शुक्रवारी साऱ्या जगाने पाहिले. त्या दिवशी वॉनाक्राय नावाचा एक घातक प्रोग्रॅम एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरू लागला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. हा प्रोग्रॅम विंडोज प्रणालीतील ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच, दिली होती! ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांचे संगणक सापडले.

लक्षावधी ओळींच्या प्रोग्रॅममध्ये अशी भगदाडे राहतातच. ती सापडतील तशी बुजवायची असतात. परंतु कोणतीही कंपनी जुन्या प्रणालीची डागडुजी कायम करीत नाही. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि तिची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. विंडोज ७ चा शेवटचा दिवस होता १४ जानेवारी २०२० आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १० असलेले संगणक बंद पडले नाहीत, हे ध्यानात घ्या. ते चालतच राहिले. फक्त नव्याने सापडणारी भगदाडे बुजवण्याचे नेहमीचे काम थांबले. वर्षभराची वाढीव मुदत घेण्याची सोय घरगुती वापरासाठी ठेवली होती, पण आमच्या संगणकावर नवी प्रणाली चालण्यासारखी असल्याने आम्ही ती घेतली नाही.

आता ह्या कामातील गंमत पाहा. प्रणाली बदलण्याचे काम कोण करणार? संगणकात जे काही घडते, ते प्रणालीच्या देखरेखीखाली घडते. मग कारभाऱ्याने स्वतःलाच कसे बदलावे? कितीही मोठा पैलवान असला, तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर बसता येत नाही! चालू असलेल्या प्रणालीच्या फायली वापरात असतात, त्या जागच्या जागी बदलता येत नाहीत.

ही अडचण कशी सोडवली आहे? संगणक सुरू होताना प्रथम मुख्य पाटीवरील एका चिपमध्ये कायमचा साठवलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. हल्लीच्या संगणकांत त्याला यूईएफआय म्हणतात. तो कोठीघरात जाऊन दुसऱ्या एका प्रोग्रॅमला उठवतो आणि तो दुसरा संपूर्ण प्रणालीला ओट्यावर आणतो. म्हणजे धाकटा भाऊ मधल्याला उठवतो, मधला थोरल्याला. प्रणाली बदलायची तर थोरला झोपलेला असतानाच बदलायची, ही त्यातील युक्ती.

म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात जुनी प्रणाली चालूच असते. ती नव्या प्रणालीच्या काही गिगाबाइट आकाराच्या फायली महाजालावरून उतरवून घेते आणि एका लपवलेल्या कप्प्यात रचून ठेवते. ह्या वेळी तुम्ही खुशाल आपले काम करीत राहावे. मग संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पण ह्या खेपेस जुनी प्रणाली उठतच नाही. तिच्याऐवजी एक छोटीशी, तात्पुरती प्रणाली उठते. तिला गाणी वाजवता येत नाहीत की चित्रे काढता येत नाहीत. तिचे काम एवढेच : जुन्या प्रणालीचे सामान उचलून एका स्वतंत्र कप्प्यात ठेवायचे आणि नव्या प्रणालीचे सामान तिच्या जागी मांडायचे. मग पुन्हा एकदा संगणक सुरू होतो, तेव्हा नवी प्रणाली प्रथमच डोळे उघडते. कोणकोणते भाग जोडलेले आहेत ते तपासते, जुन्या मांडणीतील तुमच्या आवडीनिवडी उचलून घेते, आणि आणखी एकदा संगणक सुरू झाला की काम संपते.

जुन्या प्रणालीचे सामान टाकून दिलेले नसते, हे तुम्ही पाहिलेत ना? आमची वीज गेली ती नव्या प्रणालीने डोळे उघडल्यानंतर, पण तिचे काम पुरे होण्यापूर्वी. दोन तासांनी वीज आली. भाचीने कळ दाबली. पडद्यावर केलेले बदल मागे घेत असल्याची सूचना आली, टिंबांचे चक्र फिरू लागले आणि पाऊण तासाने जुने विंडोज १० मुकाट्याने समोर उभे राहिले. ओव्यांचा कप्पा उघडला. आत्याचा आवाज खोलीत घुमला. भाची टाळ्या पिटू लागली. मी मात्र पहिले काम काय केले असेल, तर ते ध्वनिमुद्रण एका पेनड्राइव्हवर आणि एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. माघारी फिरण्याची ही व्यवस्था बहुतेक वेळा काम करते, प्रत्येक वेळी नव्हे. डिस्क मुळातच जुनी व कुचकामी झालेली असेल, तर प्रणालीही जाते आणि ओव्याही जातात. मी ही गोष्ट लोकांना कितीतरी वेळा सांगितली होती. स्वतः मात्र केली नव्हती.

दुसऱ्या रविवारी यूपीएसमध्ये नवी बॅटरी घालून आम्ही पुन्हा बसलो.

नव्या प्रणालीला लागते तरी किती सामग्री? २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली, तेव्हा तिला ४ मेगाबाइट रॅम पुरे, असे सांगितले जाई. फ्लॉपीवर घेतली, तर ती १३ फ्लॉप्यांवर येई आणि एकेक फ्लॉपी घालत नि काढत बसावे लागे. विंडोज ११ ला कमीत कमी ४ गिगाबाइट रॅम लागते, म्हणजे १०२४ पट! शिवाय कोठीघरात ६४ गिगाबाइट जागा लागते. ही जागा १.४४ मेगाबाइटच्या साध्या फ्लॉप्यांवर मोजायची ठरवली, तर ४४ हजारांहून अधिक फ्लॉप्या लागतील. इतक्या घालायच्या-काढायच्या म्हटले तर किती दिवस लागतील, ते गणित तुम्हीच करा. एका फ्लॉपीला एक मिनिट धरा.

पण खरी अडचण जागेची नव्हती. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची एक सुरक्षा-तिजोरी लागते. ही तिजोरी स्वतंत्र चिपच्या रूपात असते किंवा प्रक्रियकातच बसवलेली असते. गुप्त किल्ल्या तिच्यात ठेवल्या जातात, त्यामुळे एखादा घातक प्रोग्रॅम कोठीघरात शिरला तरी किल्ली त्याच्या हाती सहजासहजी लागत नाही. प्रक्रियकही ठरावीक यादीतला लागतो. इंटेलचा असेल, तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ही आठवी पिढी २०१७ साली आली. आमचा संगणक २०१९ चा, म्हणून तो थोडक्यात बचावला. तिजोरी त्याच्यात होती, पण बंद ठेवलेली होती. यूईएफआयच्या मांडणीत जाऊन आम्ही ती चालू केली.

ज्यांचे संगणक २०१७ च्या आधीचे आहेत, त्यांनी काय करावे? चांगला चालणारा संगणक भंगारात काढणे मला पटत नाही. त्यात तांबे असते, शिसे असते, थोडे सोनेही असते, आणि ते उकिरड्यावर जाण्यात कोणाचेच भले नाही. अशा संगणकावर लिनक्स बसवता येते. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स ह्या तरुणाने तिच्या गाभ्याचे काम सुरू केले. ती फुकट मिळते, आणि तिचे काही प्रकार जुन्या, अशक्त संगणकांसाठीच बनवलेले आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेने तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

नव्या प्रणालीने मराठीला काय दिले, असे कोणी विचारील. विंडोज ११ ने फारसे नवे काही दिले नाही. पण २००० साली आलेल्या विंडोज २००० ने खूप दिले. त्यापूर्वी मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले, की 'क'च्या जागी भलतेच चिन्ह उमटे. विंडोज २००० मध्ये देवनागरीला युनिकोडनुसार स्वतःचे क्रमांक मिळाले आणि मंगल नावाचा फॉन्ट प्रणालीबरोबरच आला. तो रेखाटणारे होते मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी.

आता तुम्ही स्वतः करून पाहा. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरा आणि आर ही कळ दाबा. जी चौकट उघडेल, तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर अशी सहा अक्षरे लिहून एंटर दाबा. तुमच्या प्रणालीचे नाव आणि आवृत्ती दिसेल. नंतर तीच चौकट उघडून टी, पी, एम, मग टिंब, मग एम, एस, सी असे लिहा, म्हणजे तिजोरीची माहिती मिळेल. ती नुसती वाचा. तेथील कोणतेही बटण दाबू नका, कारण तिजोरी पुसून टाकण्याचे बटणही तेथेच असते! शेवटी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबा आणि कारभारी कोणाकोणाला ओट्यावर जागा देतो आहे ते बघा. तुम्ही न बोलावलेली कितीतरी मंडळी तेथे दिसतील.

आमचे काम दुसऱ्या खेपेस दोन तासांत झाले. फायली, चित्रे, ओव्या सगळे जागच्या जागी होते. फक्त जुन्या छपाईयंत्राने असहकार पुकारला. प्रत्येक जोडलेल्या यंत्राशी बोलायला प्रणालीला एक दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या यंत्राचा दुभाषी जुन्या प्रणालीचीच भाषा जाणत होता. मागे फिरायला दहा दिवसांची मुदत असते, तेवढे दिवस जुन्या प्रणालीचे सामान वेगळ्या कप्प्यात जपून ठेवलेले असते. एका छपाईयंत्रासाठी परत जावे की नाही, यावर घरात बराच वाद झाला. नवव्या दिवशी भाचीने कोठूनसा एक सर्वसाधारण दुभाषी शोधून आणला. अकराव्या दिवशी जुना कप्पा नाहीसा झाला आणि सुमारे २० गिगाबाइट जागा मोकळी झाली. छपाईयंत्र आता छापते, पण त्याच्यावर चित्र ठेवून संगणकात उतरवता येत नाही. भाची अजून त्याच्या मागे लागलेली आहे.